चिचुंद्री, घूस की उंदीर: आधी तोंड बघा

भाऊ, केळीच्या बागेत मेलेलं जनावर सापडलं की लगेच 'उंदीर' म्हणून मोकळं होऊ नका. उघड्या हाताने उचलूही नका. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. काडीने पालथं-उताणं करून बघा.

सगळ्यात आधी तोंड. नाक सोंडेसारखं लांब, खालच्या ओठाच्या बरंच पुढे आलेलं, डोळे मोहरीएवढे, तर ती चिचुंद्री. ओठ काडीने वर करा: बारीक, टोकदार, पांढऱ्या दातांची रांग दिसेल. उंदरा-घुशीला पुढे पिवळसर-केशरी पटाशीचे दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा. ही खूण कधी चुकत नाही. शंका उरली तर पुढचा पंजा मोजा. चिचुंद्रीला पाच बोटं, उंदराला नीट दिसणारी चारच. चिचुंद्रीची शेपटी बुडाशी जाड असते आणि तिच्यावर विरळ लांब केस असतात. उग्र वास तर येतोच.

घुशीचं तोंड बोथट, रुंद, अंग राकट. काळ्या मातीत बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर ते काम घुशीचं.

रंगावर मात्र जाऊ नका, भिजलेले केस सगळे सारखेच काळपट दिसतात.

एवढी खटपट का? चिचुंद्री किडे, झुरळं खाते. तिच्यासाठी धान्यात झिंक फॉस्फाईड हे उंदीर मारायचं विष कालवून ठेवणं म्हणजे औषध वाया, आणि कोंबड्या-कुत्र्यांना धोका वेगळाच.