एकट्या राहणाऱ्या आईसाठी साधं वॉशिंग मशीन घ्यावं की फुल्ली ऑटोमॅटिक?

तुम्ही पुण्यात, आई गोव्यात फोंड्याजवळच्या गावात एकट्या, वय ६८. त्यांच्यासाठी वॉशिंग मशीन आणि टीव्ही घ्यायचाय, आणि 'जितकं साधं तितकं बरं' असं धरून चालावं का, हा तुमचा प्रश्न. मी २१ वर्षं फोंड्यात मशीन, मिक्सर, पंखे दुरुस्त करतोय. मशीन फुल्ली ऑटोमॅटिक घ्या, पण ॲपवर चालणारं नको. आता कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी कवळ्याच्या एका काकूंनी मला हेच विचारलं होतं. मी बेधडक सेमी ऑटोमॅटिक सांगितलं, म्हणजे धुवायचा आणि पिळायचा ड्रम वेगळा असलेलं साधं मशीन. त्यात बिघडण्यासारखं असतं तरी काय? दोन मोटरी, कपॅसिटर, एक पट्टा, चावीचे टायमर, पाणी सोडायचा नॉब. सगळं इथल्या बाजारात मिळतं आणि अर्ध्या तासात बसतं. चवथीच्या आधी घराघरांतून पडदे-चादरी धुवायला निघतात आणि सगळ्यांची मशिनं एकदम आजारी पडतात, तेव्हा सेमीचं काम आलं की मला हायसं वाटतं. वर्षभराने काकूंकडे पट्टा बदलायला गेलो, तर पिळायचा ड्रम कोरडाठाक आणि त्याच्या झाकणावर साबणाचे डबे. "भिजलेली चादर उचलून त्यात घालायला खांदा चालत नाही रे, मी हातानेच पिळते," त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. मी माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या बाजूने विचार केला होता. पाणी भरा, नळ बंद करा, टायमर फिरवा, पाणी सोडा, परत भरा, ओले कपडे उचलून दुसरीकडे टाका, नीट दाबून बसवा नाहीतर ड्रम थडथडतो. एवढं सगळं माणसाने करायचं, म्हणून ते मशीन साधं.

लॅरी टेस्लर नावाचे संगणकतज्ज्ञ होऊन गेले. संगणकातली कट-कॉपी-पेस्टची सोय ज्यांच्यामुळे रुजली, त्यांतले एक. १९८० च्या दशकात ते ॲपलमध्ये होते, तेव्हा त्यांनी मांडलं की कुठल्याही कामात थोडी गुंतागुंत असतेच. ती नाहीशी करता येत नाही, फक्त कोणी सोसायची ते ठरवता येतं. इंजिनियरने एक आठवडा जास्त खपून जे सोपं झालं असतं, त्यासाठी दहा लाख माणसांचं रोज एक मिनिट वाया घालवणं त्यांना पटत नसे. मला हे वाचल्यावर काकूंचा खांदा आठवला.

फुल्ली ऑटोमॅटिकच्या पोटात बरंच काही आहे. टबाच्या तळातून वर आलेल्या बारीक नळीतली हवा पाण्याने दाबली जाते, त्यावरून मशीनला पाणी किती भरलं ते कळतं. कपडे एका बाजूला गोळा झाले तर ते थांबतं, पाणी घेऊन कपडे मोकळे करतं आणि परत फिरतं. आईंना यातलं काहीच दिसत नाही. पुढे बटणं डझनभर असली तरी बरीच मशिनं चालू केली की आपोआप नेहमीच्या प्रोग्रामवर येतात. दुकानात ते बघून घ्या. म्हणजे बटणं दोनच, पॉवर आणि स्टार्ट.

अर्थात पोटातल्या या गुंतागुंतीची किंमत आपल्याकडे जरा जास्त मोजावी लागते. गोव्याचा पावसाळा म्हणजे चार महिने दमट हवा. पीसीबीवर, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, पाल चढली की एका क्षणात बोर्ड जातो, पालही जाते. मे-जूनमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायला आईंना आत्ताच सांगा. टॉप लोडला, म्हणजे वरून कपडे टाकायच्या मशीनला, खालून जाळी किंवा पत्रा आहे का बघा, नाहीतर उंदीर शिरून वायरी कुरतडतात. गावात वीज जाते-येते, म्हणून वीज आल्यावर मशीन जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं का, हे दुकानदाराला नक्की विचारा. (सेमीतला चावीचा टायमर वीज गेली तरी टकटक करत शून्यावर येतो, कपडे तसेच राहतात.) आणि टाकी फार खाली नको. टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. मशीनला किमान किती लागतो ते पुस्तिकेत छापलेलं असतं. बोर्डाची किंमत आणि तो मिळायला किती दिवस लागतात, हेसुद्धा घेण्याआधीच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.

ॲपला माझा विरोध एवढ्यासाठी की तिथे गुंतागुंत मशीनच्या पोटातही राहत नाही आणि आईंच्या हातातही नाही. ती खातं, पासवर्ड, वायफाय आणि कुठल्या तरी कंपनीचा सर्व्हर यांच्यात पसरते, जिथे मी पोचू शकत नाही. रिव्हॉल्व्ह नावाचं घरातले दिवे-कुलपं एकत्र चालवणारं एक उपकरण होतं, सुमारे ३०० डॉलरचं. गूगलच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली, २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातली धडधाकट उपकरणं निकामी झाली. स्क्रू उघडून करणार काय?

टीव्हीचं थोडक्यात. संध्याकाळी सातला मालिकेच्या वेळी मला जे फोन येतात, त्यांत बिघाड क्वचितच असतो. टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण चुकून दाबलेलं असतं, पडद्यावर 'नो सिग्नल', आणि माणूस घाबरलेला. मी जातो, एक बटण दाबतो, त्याचे पैसे घेत नाही. तुमच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासात हे कायमचं मिटेल. सेट-टॉप बॉक्सच्या पुष्कळ रिमोटना टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण शिकवता येतं. ते शिकवा. टीव्ही चालू होताना थेट सेट-टॉप बॉक्सवरच यावा असं सेटिंग असेल तर ते लावा. मग टीव्हीचा रिमोट कपाटात. आईंच्या हातात एकच रिमोट राहील.

पंख्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण घेणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३०-३५. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकायला सांगा, आणि रिमोट हरवला तर भिंतीच्या बटणावरून वेग बदलतो का ते आधी तपासा.

आणि मशीन ऑनलाइन मागवू नका. आईंना दुकानात न्या. टॉप लोडच्या टबात एक रुमाल टाका आणि त्यांना तो काढायला सांगा. बऱ्याच बायकांचा हात तळापर्यंत पोचत नाही, टाचा उचलाव्या लागतात. पोचत नसेल तर कमी उंचीचं टॉप लोड बघा. ते नसेल तर फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार उघडणारं, पण सिमेंटच्या उंच ओट्यावर, म्हणजे गुडघ्यांना वाकावं लागणार नाही. ओटा गवंड्याकडून आधी बांधून घ्या, मशीन मागाहून. आणि ओटा सपाट हवा, नाहीतर मशीन पिळताना सरकतं.