चार कामांचे रंधा मशीन: घ्यावे का, आणि कोणत्या पैशातून?

धरणगावच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात ते नोकरीला आहेत. पगार हातात ३१,००० येतो, घरखर्च २२,००० चा. सुतारकाम वडिलांकडून शिकलेले, त्यामुळे सुटीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये देवघरे, चौरंग, पाट, दिवाण करून विकतात. सुरतच्या विक्रेत्याने त्यांना १३ इंची ऑल-इन-वन रंधा मशीन ८६,००० रुपये अधिक जीएसटी असे सांगितले आहे. सरफेस (फळीची बाजू रंधून सपाट, सरळ करणे), थिकनेस (फळीची जाडी एकसारखी करणे), गोल करवत आणि ड्रिल, सगळे एकाच सांगाड्यात. दीड लाखाची एफडी मोडावी, की बायकोची पोत गहाण ठेवावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, दोन्ही करू नका. पण मशीनची हौस सोडा, असेही मी म्हणणार नाही, कारण तुमचे काम खरे आहे आणि गिऱ्हाईकही खरे आहे. फक्त हे मशीन आणि हा पैसा, या दोन्हींत बदल करायला हवा.

आधी खरी किंमत धरू. १८ टक्के जीएसटी धरून १,०१,४८० होतात. तुमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे हा कर परत मिळणार नाही. सुरतहून भाडे आणि उतरवणी, शेडपर्यंत वेगळी वायर, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग आणि खाली सिमेंटचा ओटा मिळून आणखी १३-१४ हजार लागतील. म्हणजे १ लाख १५ हजार.

आता वाचणारा पैसा. लाकूड रंधून आणायला तुम्ही वखारीत महिन्याला १,८०० देता आणि छोटा हत्ती टेम्पोला ६००. एकूण २,४००. मशीन घरी आले की हा खर्च जाईल, पण दुसरा येईल. २ एचपीची मोटर म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. पूर्ण भारावर तासाला दोन युनिटच्या आत धरा, महिन्याला २० तास चालवली तर ४० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ४०० होतात. पात्यांना धार, ग्रीस, पट्टा यांचे ५०० धरा. हातात राहिले १,५००, वर्षाचे १८,०००. या चालीने १ लाख १५ हजार सुटायला सहा वर्षांच्या वर जातील. नव्या ऑर्डरी आल्या नाहीत तर हा सौदा परवडणारा नाही.

नव्या ऑर्डरी आल्या तर चित्र पालटते. एका देवघरामागे सामान जाऊन ४,५०० सुटतात, असे तुम्ही लिहिता. मशीनमुळे दोन महिन्यांत एक देवघर जास्त झाले तरी वर्षाला २७,००० ची भर पडते आणि मशीन अडीच वर्षांत सुटते. सगळा सौदा या एका जास्तीच्या देवघरावर उभा आहे. म्हणून आजपासून एक वही घाला. वेळ नाही किंवा वखारीत नंबर लागला नाही म्हणून जी ऑर्डर परत पाठवली, ती तारीख आणि रक्कम घालून लिहा. गिऱ्हाईक नुसते ‘पाहू’ म्हणाले, ते त्यात धरू नका. नऊ महिन्यांत चारहून कमी ओळी भरल्या, तर वखारच बरी.

नऊ महिनेच का, तेही सांगतो. पगारातून घरखर्च जाऊन ९,००० उरतात. त्यातले ६,००० दरमहा आरडीत टाका. नऊ महिन्यांत ५४,००० आणि वरचे व्याज. जुलैत सुरुवात केली तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास रक्कम हातात येईल आणि तोवर कापसाच्या पैशाचा आणि लग्नसराईचा हंगाम वहीत उतरलेला असेल. आपल्याकडे फर्निचरची मागणी कापूस आणि केळीच्या पैशामागे चालते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो, भादव्यातही. पोत गहाण ठेवायला मी नको म्हणतो ते याचसाठी. वहिनींचे सोने कामाच्या मंदीच्या महिन्यांत व्याजावर अडकून पडायला नको.

आणि एफडी? दीड लाख म्हणजे तुमच्या घराचे जवळजवळ सात महिने. त्यातून १ लाख १५ हजार काढले की ३५,००० उरतात, म्हणजे दीड महिना. कारखान्यात काम कमी झाले किंवा घरात कोणी आजारी पडले, तर मशीन विकून भाजी आणता येत नाही. शिवाय मुदतीआधी मोडली की बँक व्याजही कापते.

मशीन कोणते? चारपैकी गोल करवत आणि ड्रिल तुमच्याकडे हाताची आहेतच. वखारीला पैसे जातात ते फक्त रंधायचे. म्हणून सरफेस-थिकनेस एवढेच असलेले, चांगल्या स्थितीतले जुने मशीन बघा. जळगाव-भुसावळकडे रंधा सोडून प्लायवूडच्या कामाला लागलेल्या कारागिरांकडे चौकशी करा. ४५,००० पर्यंत मिळाले आणि वायरिंग-वाहतुकीचे १०,००० धरले, तर ५५,००० त काम होते. नवी ऑर्डर एकही न येता ते तीन वर्षांत सुटते, वर सांगितलेली भर पडली तर सव्वा वर्षात. जुन्यावर गॅरंटी नसते, म्हणून पारख स्वतः करा. बंद मशीनचा कटरब्लॉक (पाती बसवलेला रूळ) हाताने फिरवून बेअरिंग खरखरते का ते ऐका. बेडवर, म्हणजे मशीनच्या सपाट टेबलावर, सरळ पट्टी आडवी-तिरकी धरून खालून उजेड दिसतो का पाहा. मग फूटभर रुंद फळी थिकनेसमधून काढा आणि दोन्ही कडांची जाडी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजा. फरक निघाला तर पाती किंवा बेड एका बाजूला उतरले आहेत. टेबलाच्या लांबीच्या साधारण दुपटीपर्यंतचीच फळी सरफेसवर नीट सरळ होते. देवघराला तेवढे पुरते, पण सात फुटी चौकटीची कामे मनात असतील तर लांब टेबलाचेच घ्या.

पात्यांचा खर्च मी कमीच धरला आहे, कारण तो तुमच्या लाकडावर ठरतो. पाडलेल्या धाब्याच्या घरांतले जुने सागवान तुम्ही घेता. लाकूड उत्तम, पण आत गंजून तुटलेले खिळे असतात. असा एक खिळा पात्यांचा अख्खा सेट बाद करतो. साध्या हातातल्या मेटल डिटेक्टरने प्रत्येक तुळई तपासल्याशिवाय मशीनवर चढवू नका. सागातल्या सिलिकामुळे धार तशीही लवकर जाते.

विजेबाबत महावितरणच्या कार्यालयात जाऊन मंजूर भार किती आहे आणि शेडमध्ये विक्रीचे काम करायला कोणती जोडणी हवी, हे लेखी विचारून घ्या. मंजूर नसलेल्या कारणासाठी वीज वापरली असे तपासणीत ठरले, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.

पीएम विश्वकर्मा योजनेचेही तुम्ही विचारले आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत सुतारकाम आहे, औजारांसाठी १५,००० आहेत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज आहे. पण ती स्वतःच्या धंद्यावर उभ्या असलेल्या कारागिरासाठी आहे. तुम्ही पगारदार आहात, तेव्हा त्या भरवशावर सौदा ठरवू नका. पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ शेडमध्ये उतरलात, तर अर्ज जरूर करा.

एक खर्च तुमच्या यादीत नव्हता, तो मी घालतो. बँकेतून ज्या पंतप्रधान सुरक्षा विम्याचे वर्षाला २० रुपये कापले जातात, त्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख मिळतात. रंधा मशीनवर जाते ते बहुतेक बोट, आणि नुसते बोट त्यात बसत नाही. म्हणून मशीन शेडमध्ये येण्याआधी वैयक्तिक अपघात विमा घ्या. कायमच्या अंशतः अपंगत्वाच्या तक्त्यात बोटांची टक्केवारी आहे ना, हे वाचूनच सही करा. एजंटला सुतारकामाचे मशीन चालवतो हे सांगा आणि अर्जातही तसेच लिहून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी कंपनी त्यावरच बोट ठेवेल. प्रीमियम महिन्याच्या खर्चात धरा, आणि त्याबरोबर नाकावरचा चांगला मास्क व भुसा ओढणाऱ्या पंख्याचे पैसेही धरा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले आहे, आणि त्या शेडच्या भिंतीला लागूनच तुमचे स्वयंपाकघर आहे.