कंपनीच्या कार्यक्रमात हशा का पडत नाही?

प्रश्न : नाट्यगृहात माझे विनोद चालतात, पण कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमात लोक गप्प बसतात. तुम्ही 27 वर्षं हेच करताय. माझं काय चुकतंय?

उत्तर : विनोद चुकत नसेल, मांडणी चुकते. नाट्यगृहात माणूस तिकीट काढून हसायलाच येतो. इथे गोल टेबलं असतात, निम्म्यांची पाठ तुमच्याकडे. आणि हसण्याआधी नजर जाते साहेबांकडे! ते हसले की मग बाकीचे मोकळे होतात. म्हणून पहिली 5 मिनिटं मी साहेबांच्या टेबलाजवळ उभा राहतो. जेवण वाढायच्या आत कार्यक्रम घ्यायचा, प्रेक्षकांवरचे दिवे विझवू द्यायचे नाहीत.

एकदा मी हिशेब विभागाच्या बिलांवर विनोद केला. हॉल गार. समोरच्या बाईंनी हातातला रुमाल घट्ट मुठीत धरला, खाली बघत राहिल्या. नंतर कळलं, आदल्याच आठवड्यात त्या विभागातली माणसं कमी केली होती. ते चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हापासून 2 दिवस आधी आयोजकांना फोन करतो आणि सरळ विचारतो : कोणाची नोकरी गेलीय का? कोणी वारलंय का? उत्तर ऐकून अर्धी संहिता बदलावी लागली तरी बदलतो.