वास ओळखणारी चिप हवी, तर आधी काचेवर प्रथिन बसवून दाखव

अंबाजोगाईहून बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थिनीचं पत्र आहे. वडिलांची लातूरच्या मोंढ्यात अडत आहे. तुरीला बुरशी धरली आहे का, हे ते मूठ नाकाशी नेऊन सांगतात. ती विचारते: ‘वासाचे रिसेप्टर चिपवर बसवून हेच काम करता येतं असं वाचलं. यात करिअर आहे का? कॉलेजचा प्रोजेक्ट यावर घेऊ का? घरचे बी.एड. कर म्हणतात.’

विषय घे, पण प्रोजेक्टसाठी थेट रिसेप्टरला, म्हणजे नाकातल्या वास पकडणाऱ्या प्रथिनाला, हात घालू नकोस.

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या रिसेप्टरांची जनुकं शोधली, त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं. माणसात अशी चालू जनुकं सुमारे ४०० आहेत. अडचण अशी की हे प्रथिन पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेलं असतं. पटलातून बाहेर काढलं की त्याची घडी मोडते. म्हणून त्याला डिटर्जंटमध्ये, लिपिडच्या बारीक चकतीत, म्हणजे नॅनोडिस्कमध्ये, किंवा पेशीपटलाच्या बारीक पुटिकांमध्येच सांभाळावं लागतं. त्यातून ते सोन्याच्या पृष्ठभागावर बसवताना तोंड कुठे आहे हेही पाहावं लागतं. ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांची नेहमीची पद्धत जो लायसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) हाताला लागेल तो पकडते, त्यामुळे काही रिसेप्टर उलटे, काही आडवे बसतात. सी-टोकाला (प्रथिनसाखळीच्या शेवटाला) सहा हिस्टिडिनची, म्हणजे आणखी एका अमिनो आम्लाची, शेपटी लावून ती पृष्ठभागावरच्या, हिस्टिडिन धरणाऱ्या निकेल-एनटीएवर अडकवली, तर पेशीच्या आतली बाजू खाली जाते आणि वास पकडणारी वर राहते.

एवढं जमलं तरी मोजणी चकवते. वासाचे रेणू बहुधा ३०० डाल्टनपेक्षा हलके असतात, त्यांच्या वजनाने वजन टिपणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर जेमतेम फरक पडतो. शिवाय ते तेलकट, म्हणजे रिसेप्टर नसलेल्या जागीही चिकटतात. दुसरंच प्रथिन बसवलेली जोडचिप शेजारी नसेल, तर आलेल्या सिग्नलवर विश्वास ठेवू नये.

तुझ्या कॉलेजात होण्यासारखं काम वेगळं आहे: काचेवर पेरॉक्सिडेज हे रंग देणारं एन्झाइम बसवायचं. स्वच्छ स्लाइड ९५ टक्के इथेनॉलमधल्या २ टक्के एपीटीईएसमध्ये (काचेवर अमाइन गट लावणाऱ्या सिलेनमध्ये) दहा मिनिटं ठेव, इथेनॉलने धू, ११० अंशांवर पंधरा मिनिटं तापव. मग फॉस्फेट बफरमधलं २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड (काच आणि प्रथिन जोडणारं रसायन) तासभर, धुणं, आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पेरॉक्सिडेज ४ अंशांवर रात्रभर. ग्लुटाराल्डिहाइडचे उरलेले गट ०.१ मोलर ग्लायसिनने झाक. ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) घातलेल्या बफरने तीनदा धुऊन ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा रंग ४७० नॅनोमीटरला वाच. ग्लुटाराल्डिहाइड डोळ्याला आणि श्वासाला झोंबतं, फ्यूम हूड आणि हातमोजे लागतीलच.

बिघडतं ते साध्या कारणांनी. ट्रिस बफर वापरला तर त्यातलं अमाइनच ग्लुटाराल्डिहाइड खाऊन टाकतं. एपीटीईएसची बाटली जुलैच्या दमट हवेत उघडी राहिली तर काचेवर दुधी थर येतो. बफर टिकावा म्हणून घातलेलं सोडियम अझाइड पेरॉक्सिडेजला बंद पाडतं, आणि पेरॉक्साइड जास्त झालं तर तेही. लाइट गेली आणि फ्रिज तापला, तर त्या दिवसाचं वाचन वहीत वेगळं नोंदव. एक स्लाइड ग्लुटाराल्डिहाइडशिवाय कर. तिच्यावरही रंग आला तर प्रथिन बसलेलं नाही, नुसतं चिकटलं आहे. शेवटच्या धुण्याचं पाणीही वाच. तीच स्लाइड पाच वेळा वापरून रंग किती घटतो त्याचा आलेख काढ.

पुढे एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दे, आणि जैवरसायनासोबत इलेक्ट्रोकेमिस्ट्री नेटाने शीक, कारण आपल्या बायोटेकवाल्यांचा हाच विषय कच्चा राहतो. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेन्सरवर काम चालतं, तिथे जाऊन उपकरणं बघून ये. मग नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची परीक्षा, त्याची फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच वर्षं धर. निव्वळ वासाच्या चिपच्या नोकऱ्या आपल्याकडे सहज मिळणाऱ्या नाहीत, हे वडिलांना आत्ताच सांग. मात्र पृष्ठभागावर प्रथिन टिकवता येणाऱ्या माणसाला ग्लुकोजच्या पट्ट्या, गरोदरपणाच्या चाचण्या, एलायझा (प्रतिपिंड वापरून होणाऱ्या चाचणीचे) किट बनवणारे उद्योग घेतात. बी.एड. नंतरही करता येतं, त्यासाठी आजचं दार बंद करायची गरज नाही.

उन्हाळी फेलोशिपसाठी प्रयोगशाळांना लिहिशील तेव्हा ‘मला वासात रस आहे’ एवढंच नको. पाच वापरांचा आलेख आणि ग्लुटाराल्डिहाइडशिवायच्या स्लाइडचं वाचन जोड, आणि त्यांचा रिसेप्टर नॅनोडिस्कमध्ये आहे की डिटर्जंटमध्ये, एवढं विचार.