पेशी मेल्या, पण तुलना कशाशी?

प्रश्न : ताई, माझा भाचा एम.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. त्याने बनवलेलं तांब्याचं कॉम्प्लेक्स एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या केमो-औषधापेक्षा भारी ठरलं म्हणतो. माझ्या जावेची केमो चालू आहे. असलं औषध मिळालं तर ती टळेल का? निदान तांब्याच्या भांड्यातलं पाणी द्यावं का? — एक वाचक, सांगली

आधी जावेचं. केमो चालू ठेवा. तांब्याच्या भांड्याचा आणि भाच्याच्या कॉम्प्लेक्सचा काडीचाही संबंध नाही. त्याच्याकडे तांब्याचा अणू एका सेंद्रिय रेणूत मुद्दाम अडकवलेला आहे. भस्म वगैरे द्यायचं मनात असेल, तर आधी तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता भाचा. माझं निम्मं आयुष्य पेशींच्या लॅबमध्ये गेलंय, त्यामुळे त्याने काय केलं असेल ते डोळ्यांसमोर येतं. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ९६ खळगे, प्रत्येकात काही हजार पेशी आणि गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं पोषणद्रव. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं की पेशी तळाला चिकटतात. मग प्रत्येक रांगेत संयुग कमी-कमी करत घालायचं आणि दोनेक दिवस थांबायचं. शेवटी एमटीटी नावाचं पिवळं द्रावण. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्यांना ते जमत नाही. स्फटिक विरघळवून रंग यंत्रावर मोजला, की जांभळा निम्म्यावर आणणारी तीव्रता कळते. हाच तो आयसी५०, ज्याच्यावर सगळी मुलं नाचतात. पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

भाच्याला एक विचारा : सिस्प्लॅटिन कशात विरघळवलंस? नवी कॉम्प्लेक्सं बहुधा पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ नावाचं द्रावक वापरतात आणि सवयीने सिस्प्लॅटिनही त्यातच टाकतात. डीएमएसओमधलं गंधक प्लॅटिनमला जाऊन चिकटतं, क्लोराइडची जागा घेतं आणि औषध बोथट होतं. हे म्हणजे समोरच्याचे पाय बांधून शर्यत जिंकणं. सिस्प्लॅटिन सलाइनमध्येच विरघळवायचं. ही चूक छापील पेपरांतही सर्रास दिसते, आणि मला तिची चीड येते.

शिवाय नुसतं तांब्याचं क्षार आणि नुसता लिगँड (तांब्याला धरून ठेवणारा तो सेंद्रिय रेणू) वेगवेगळे घालून पाहिले का? पेशी नसलेल्या खळग्यात संयुगानेच एमटीटी जांभळं केलं नाही ना? आणि निरोगी पेशी किती वाचल्या? कॅन्सरच्या पेशी मारायला मोरचूदही पुरतं हो, भरपूर घातलं तर!

प्रश्न : प्लॅटिनमने कॅन्सर बरा होतो, हे सुचलं तरी कुणाला? — एक विद्यार्थिनी, नाशिक

कुणालाच नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा ई. कोलाय जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते नेहमीच्या तीनशेपट लांब दोऱ्यांसारखे वाढले. विजेचा दोष नव्हताच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेला धातू मीडियममधल्या अमोनिया-क्लोराइडशी जुळून संयुगं बनली होती. हे १९६५ साली छापून आलं, १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवरचे निकाल आले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे हे संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकातच बनवून ठेवलं होतं.

वृषणाच्या कॅन्सरचं चित्र या औषधाने पालटलं. पण ते मूत्रपिंडांना इजा करतं, म्हणून रुग्णाला आधी-नंतर भरपूर सलाइन देतात. प्लेटला मूत्रपिंड नसतं. तिथे हे कळलंच नसतं. म्हणून प्लेटनंतर प्राणी, मग माणसं, आणि बहुतेक संयुगं मधेच गळतात.

प्रश्न : या पेशी मिळतात कुठे? — एक शिक्षक, लातूर

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या लॅब तिथून मागवतात. एमसीएफ-७ मूळच्या १९७० सालच्या, एका अमेरिकन ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या. शेजारच्या लॅबमधून उसन्या मात्र आणू नका. हेला नावाच्या कॅन्सरच्याच दुसऱ्या पेशी इतक्या दांडग्या, की दुसऱ्यांच्या बाटलीत शिरून मूळच्यांना हुसकावून लावतात, आणि बाटलीवरचं लेबल तसंच राहतं.