बुरशी झटकली तरी विष राहतं : पशुखाद्यावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संकलन केंद्रानं माझं दूध 'एम-वन जास्त' म्हणून परत केलं. गाईंना घरचा मका भरडा आणि विकतची शेंगदाणा पेंड मिसळून देतो. पेंडीवर बुरशी कुठेच दिसत नाही, मग हे आलं कुठून? दूध उकळून घरी वापरलं तर चालेल का? (संगमनेर)

उत्तर : एम-वन म्हणजे खाद्यातल्या बुरशीविषाचं दुधात उतरणारं रूप. ते आलं बहुधा पेंडीतून, पण भरडाही तपासून घ्या. शेंगदाणा, मका, सरकी यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी-वन हे विष सोडते. दाण्यातून तेल काढलं की विषाचा मोठा भाग पेंडीतच मागे राहतो. भरडण्यात, दाबण्यात बुरशीचा पांढरा-हिरवा थर मोडून जातो, म्हणून माल डोळ्यांना स्वच्छ दिसतो. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हाही दोषी ठरली ती ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंडच. अफ्लाटॉक्सिनचा शोध तिथूनच लागला.

गाय बी-वन खाते आणि तिच्या यकृतात त्याचं एम-वन होऊन ते दुधात उतरतं. खाल्लेल्या विषापैकी साधारण 1 ते 2 टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत 6 टक्क्यांपर्यंत. हिशेब करून बघा. गाईला रोज 5 किलो खुराक आणि त्यात किलोमागे 100 मायक्रोग्रॅम (म्हणजे 100 पीपीबी) बी-वन असेल, तर पोटात गेलं 500. त्याचे 2 टक्के म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. गाय 10 लिटर देत असेल तर लिटरला 1 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे दुधाची मर्यादा किलोला 0.5 आहे, म्हणजे दुप्पट झालं. तोच खुराक 20 पीपीबीचा असता तर लिटरला 0.2 आलं असतं. पशुखाद्याच्या भारतीय मानकात 20 पीपीबीची मर्यादा आहे, तिचा अर्थ या हिशेबातून नीट कळतो. आणि तुम्ही एकटे नाही : अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत एम-वन मर्यादेबाहेर होतं.

उकळून हे जात नाही, पाश्चरायझेशननंही नाही. पनीर करून खपवायचा विचार तर मुळीच नको; एम-वन दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पनीरमध्ये किलोमागे ते वाढतंच. पेंड आजच बंद करा. दुधातलं एम-वन 3 ते 4 दिवसांत खाली येतं. पाचव्या दिवशी पुन्हा तपासून घ्या. तोवरचं दूध लहान मुलांना, वासरांना नको. उरलेली पेंड कोंबड्यांना किंवा बदकांना घालू नका, बदकं या विषाला सगळ्यांत आधी बळी पडतात.

प्रश्न : बुरशी लागलेला मका उन्हात वाळवला, भाजला, धुतला किंवा त्यावर आम्ल फवारलं तर वापरता येईल का? युरियानं विष जातं असंही ऐकलं आहे. (जालना)

उत्तर : वाळवण्यानं बुरशीची पुढची वाढ थांबते, तयार झालेलं विष तसंच राहतं. प्रोपिऑनिक आम्लाचंही तेच : बुरशी मरते, विष नाही. भाजण्यानं काही प्रमाणात कमी होतं, पण शुद्ध अफ्लाटॉक्सिन मोडायला दोनशे अंशांच्या वर तापमान लागतं, तेवढ्यात तुमचा मका कोळसा होईल. घरी खरा उपयोग होतो तो निवडण्याचा. फुटके, किडके, रंग उडालेले दाणे आणि चाळणीखालचा चुरा काढून टाका, कारण विषाचा बराचसा भाग तिथेच साचलेला असतो. काढलेला चुरा 'गुरांसाठी' बाजूला ठेवणारे भेटतात, म्हणून सांगून ठेवतो : तो खड्ड्यात पुरा.

युरियाबद्दल ऐकलेलं अर्धवट आहे. अमोनिया वायूनं अफ्लाटॉक्सिनचा रेणू खरोखर मोडतो. अमेरिकेत सरकी आणि सेनेगलमध्ये शेंगदाणा पेंड अशी शुद्ध करत. पण ते कारखान्याचं काम : बंद टाकी, दाब, उष्णता, मोजलेला ओलावा. आपण काडावर करतो ती 4 टक्के युरियाची प्रक्रिया पेंडीवर किंवा मक्यावर करू नका. विष गेलं की नाही हे कळणार नाही आणि वर युरियाची विषबाधा व्हायची.

प्रश्न : दुकानदार रोज 50 ग्रॅम टॉक्सिन बाइंडर (पोटात विष धरून ठेवणारी पूड) द्या म्हणतो. सगळ्या बुरशीविषांवर चालतो का? (सांगोला)

उत्तर : नाही. पिशवीमागचे घटक वाचा. बेंटोनाइट किंवा ॲल्युमिनोसिलिकेट लिहिलं असेल तर ती माती आहे. तिच्या पापुद्र्यांमध्ये अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू अडकतो आणि शेणावाटे बाहेर पडतो. झिअरॅलेनोन, डॉन, फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीविषांचे आकार वेगळे, त्यांना ती फारसं धरत नाही. त्यांच्यासाठी यीस्टच्या भिंतीचे घटक किंवा विष मोडणारी विकरं (एन्झाइम) असलेली उत्पादनं असतात. फ्युमोनिसिन एस्टरेज त्यांपैकी एक. 'सर्व विषांवर एकच उपाय' छापलेल्या पिशवीकडे आम्ही तरी संशयानंच बघतो.

नुसत्या मातीचं प्रमाण साधारण एकूण शुष्क खाद्याच्या 0.5 ते 1 टक्का लागतं. गाय 14 किलो शुष्क खाद्य खात असेल तर 70 ते 140 ग्रॅम. म्हणजे 50 ग्रॅम कमीच. युरोपीय नियमांत बेंटोनाइटची कमाल मर्यादा किलोला 20 ग्रॅम आहे, म्हणून दुप्पट-तिप्पट ओतूनही चालत नाही. माती खुराकात नीट मिसळलेली हवी. वरून भुरभुरली की गव्हाणीच्या तळाशी बसते. तोंडावाटे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण माती औषधही धरू शकते. आणि बाइंडर लावला म्हणून 100 पीपीबीची पेंड चालेल असा हिशेब करू नका. प्रयोगांत दुधातलं एम-वन निम्म्याच्या आसपास घटलेलं दिसतं, शून्य होत नाही.

प्रश्न : एकाच मालाचे दोन प्रयोगशाळांचे अहवाल आले, एक 12 पीपीबी आणि दुसरा 70. कोणाचा चुकला? (अकोला)

उत्तर : कदाचित कोणाचाच नाही. अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. एकेका शेंगदाण्यात दहा लाख पीपीबीपेक्षा जास्त विष सापडल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा 25 किलोच्या पोत्यात असला तर सगळ्या पोत्याची सरासरी 20 पीपीबी होते. तो दाणा ज्या मुठीत गेला तिचा अहवाल भडकतो, उरलेल्यांत काहीच सापडत नाही.

म्हणून नमुना असा घ्या. पोकळ सळई पोत्यात तिरकी खुपसून वरून, मधून, तळातून माल काढा. 50 पोती असतील तर प्रत्येकातून 100 ग्रॅम, म्हणजे 5 किलो. हा सगळाच्या सगळा बारीक दळा, मिसळा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसंच करा. शेवटी उरलेल्यातलं अर्धा किलो पाठवा. दळायच्या आधीच वाटा पाडला की सगळी मेहनत वाया. पेंडीच्या ढेपा असतील तर वेगवेगळ्या ढेपांतून फोडून घ्या, एकाच ढेपेतून नको.

प्रश्न : म्हशीची शेपटी टोकाकडून काळी पडून सुकत चालली आहे, कानाच्या कडाही तशाच. भाताचा पेंढा भिजलेला होता. (भंडारा)

उत्तर : हे डेगनाला रोगाशी जुळतं. ओल्या, काळपट पेंढ्यावर वाढणाऱ्या फ्युजेरियमसारख्या बुरशींमुळे शेपटी, कान, खुरांकडचा रक्तपुरवठा घटतो. गाईंपेक्षा म्हशींत जास्त. पेंढा आजच बंद करा, डॉक्टरांना बोलवा, जखमेवर माश्या बसू देऊ नका. इथे बेंटोनाइट उपयोगी नाही.

प्रश्न : मका घेताना ओलावा कसा ओळखावा? मीटर नाही. (चोपडा)

उत्तर : कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात मका एक तृतीयांश भरा, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी साठवणीसाठी 12 ते 13 टक्के हवा, म्हणून आणखी एक-दोन उन्हं दाखवा. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर रचा. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे पत्र्याखाली थेंब साचतात. वरच्या थराची पोती तिथून भिजतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.