बांबूउडीत पकड वर नेली की उडी का घटते?

खानापूरहून विचारलंयस की पोलवरची पकड (खालच्या टोकापासून वरच्या हातापर्यंतचं अंतर) ३.६० वरून ३.७५ मीटरवर नेली, तेव्हापासून पोल उभाच राहत नाही, उलट धावपट्टीकडे परत फेकला जातोस. आधी जमायची ती ३.५० ची उडीही गेली. दंडात जोर कमी पडतोय का?

नाही. आपल्या बेळगाव-खानापूर भागात तालमीचं वेड, म्हणून हा संशय आधी येतो. मी पोरांना पोल व्हॉल्ट शिकवतो, त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो. पण इथं माणसाला वर नेतो तो धावेचा वेग. पकड जितकी उंच, तितका पोल उभा करायला वेग जास्त लागतो. शिवाय लांब धरलेला पोल नरम पडतो, छान वाकतो आणि वाकून तिथंच थांबतो.

तुझी धावेची खूण, म्हणजे धाव सुरू करायची जागा, मात्र जुनीच असणार, असा माझा दाट संशय आहे. पाय सुटताना वरचा हात डोक्यावर ताठ आणि टेक-ऑफचा पाय नेमका त्याच्या खाली हवा. हात वर करून तू २.२० मीटरपर्यंत पोचतोस असं धर. मग पकड १५ सेंटीमीटर वाढली की टेक-ऑफची जागा पेटीपासून (पोलचं टोक रोवायचा जमिनीतला खळगा) जवळजवळ २० सेंटीमीटर मागे जाते. खूण तेवढी मागे घेतली नाहीस, तर पाय हाताच्या पुढे पडतो, पोल खांद्याला मागे ओढतो आणि सगळा वेग तिथंच मरतो.

अजून एक हिशेब कर. पेटी २० सेंटीमीटर खोल असते, म्हणजे ३.६० ची पकड जमिनीपासून ३.४० वर. तू ३.५० ओलांडायचास, म्हणजे हाताच्या वर जेमतेम १० सेंटीमीटर! स्वीडनच्या बांबूउडीपटू डुप्लांटिसने २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मारली, तेव्हा तो आपल्या पकडीच्या मीटरभराहून जास्त वर गेला होता. तुझी खरी कमाई इथं आहे. ३.६० वर परत ये, छोट्या धावेवर पाय झुलवून कंबर हाताच्या वर न्यायचा सराव कर. सलग उड्यांत मॅटच्या मध्यावर पडायला लागलास की पकड ५ सेंटीमीटरच वाढव, आणि खूणही हलव.

पोलवर वजनाचा आकडा छापलेला असतो. तुझं वजन त्याहून जास्त असेल तर तो पोल वापरू नकोस. आणि गावाकडं नुसत्या वाळूच्या खड्ड्यात उडत असशील तर पकड वाढवायचा विचारही नको. मागे फेकला गेलास तर थेट पेटीवर पाठ आपटेल.